एका आडव्या रेघेचं ओझं: चीनची फसलेली दुसरी अक्षरसुधारणा, 1977 ते 1986

चिनी लिपीत ‘प्रेत’ या अर्थाचं तीन रेघांचं एक जुनं अक्षर आहे. काठीला झेंडा लावावा तसं ते दिसतं. डावीकडे खालपर्यंत ओढलेली तिरकी काठी, आणि तिच्या माथ्याला उजव्या अंगाने चिकटलेला बंद चौकोन. या झेंड्याखाली जी मोकळी जागा उरते तिथे एक आडवी रेघ मारली, की चीनच्या दुसऱ्या सुलभीकरण योजनेप्रमाणे ते अक्षर ‘झान’ होतं. झान म्हणजे उलगडणं, मांडणं, प्रदर्शन. ‘विकास’ या चिनी शब्दाचा दुसरा अर्धा भागही हाच. रेघ खाली न मारता झेंड्याच्या डोक्यावर ठिपका दिला, तर होतं ‘दार’ किंवा ‘कुटुंब’. प्रेत, विकास आणि दार, तिघांत अंतर एका रेघेचं नाहीतर एका ठिपक्याचं.

‘झान’चं मूळ रूप दहा रेघांचं आहे. तेच आजही चालतं, आणि ते वाचताना कुणालाही प्रेत आठवत नाही. ही चार रेघांची आवृत्ती का निघाली, कुणी काढली, आणि नऊ वर्षांच्या आत सरकारला ती परत का घ्यावी लागली, हे इथे मांडतो आहे. या फसगतीचा दोष बहुतेक वेळा त्या काळातल्या राजकारणावर आणि घाईवर टाकला जातो. तो खोटा नाही, पण माझ्या मते निम्माच आहे. उरलेलं निम्मं कारण अक्षरांच्या आकारातच सापडतं.

योजना

अक्षरं सोपी करण्याचं काम चीनमध्ये 1977 साली नवं नव्हतं. 28 जानेवारी 1956 ला तिथल्या राज्य परिषदेने, म्हणजे मंत्रिमंडळाने, पहिली योजना मंजूर केली. तीत 515 सोपी अक्षरं आणि 54 सोपे घटक होते. घटक म्हणजे अक्षराचे जोडभाग. एक घटक सोपा झाला, की तो ज्या ज्या अक्षरात येतो ती सगळीच हलकी होतात. असं करत 1964 च्या एकत्रित यादीत सोप्या अक्षरांची संख्या सव्वादोन हजारांच्या घरात गेली. ही सुधारणा रुजली. आज चीनमध्ये छापलेलं कुठलंही पुस्तक उघडा, तीच अक्षरं दिसतील.

ती रुजली याचं एक कारण पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्या योजनेतली बरीच रूपं सरकारच्या लिपी-सुधारणा समितीने टेबलाभोवती बसून शोधलेली नव्हती. हिशेबाच्या वह्यांत, स्वस्त छापील कथांत, घाईच्या हस्ताक्षरात ती कित्येक पिढ्या फिरत होती. सरकारने त्यांना छापखान्यात रीतसर जागा दिली, एवढंच. डोळ्यांची ओळख आधीची होती, शिक्का नंतर बसला.

दुसऱ्या योजनेची तयारी 1960 च्या सुमारास सुरू झाली, सांस्कृतिक क्रांतीत अडली आणि सत्तरच्या दशकात पुन्हा हलली. माओ सप्टेंबर 1976 मध्ये गेले. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, दहा वर्षांहून जास्त काळ बंद पडलेली विद्यापीठांची प्रवेश परीक्षा पुन्हा घेतली गेली. सगळा देश पुन्हा वाचायला बसला होता आणि नेमक्या त्याच दिवसांत वाचायची अक्षरं बदलली.

20 डिसेंबर 1977 ला ‘पीपल्स डेली’, ‘ग्वांगमिंग डेली’ आणि इतर वर्तमानपत्रांत योजनेचा मसुदा छापून आला. त्यात दोन तक्ते होते. पहिल्यातली 248 अक्षरं ताबडतोब वापरायची होती, दुसऱ्यातल्या 605 अक्षरांवर लोकांची मतं मागवली होती. एकूण 853. दुसऱ्याच दिवशी, 21 डिसेंबरला, ‘पीपल्स डेली’ने पहिल्या तक्त्यातली अक्षरं आपल्या मजकुरात वापरायला सुरुवात केली. शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशाचा जमाना होता. नव्या आकाराचा खिळा पाडायला नवी मातृका, म्हणजे साचा लागतो, खिळ्यांच्या पेटीत नवा खण लागतो. म्हणजे छापखान्याची तयारी आधीच झाली असणार. वाचकाला मात्र एका रात्रीची मुदत मिळाली.

योजनेतली काही उदाहरणं बघू. चिनी अक्षरं न दाखवता ती शब्दांत सांगायची म्हणजे नाच न दाखवता त्याची पावलं सांगण्यासारखं आहे, पण प्रयत्न करतो.

‘जेवण’ हे अक्षर 16 रेघांचं. त्याच्या तळाशी ‘अन्न’ हे सबंध अक्षर बसलेलं असतं. नव्या रूपात अन्न गेलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला पाच रेघांचा तुकडा तेवढा उरला. ‘रस्ता’ 12 रेघांचं, तीन खांबांचं अक्षर. डावीकडचा आणि उजवीकडचा खांब मिळून ‘चालणं’, मध्ये ध्वनी सांगणारा भाग. नव्या रूपात फक्त उजवा खांब राहिला, तीन रेघा. ‘बर्फ’ या 11 रेघांच्या अक्षरात वर ‘पाऊस’ असतो आणि खाली, पाठ उजवीकडे केलेल्या इंग्रजी ‘ई’सारखा एक तुकडा. नव्या रूपात पाऊसच थांबला, उलटा ‘ई’ तेवढा शिल्लक. ‘घर’ या अक्षरात छपराखाली डुक्कर आहे, ही गोष्ट चिनी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच ऐकवली जाते. नव्या रूपात डुक्कर हाकलून तिथे ‘माणूस’ बसवला. कल्पना म्हणून ही सुधारणा कुणालाही पटेल. तिचा त्रास वेगळाच होता, त्याकडे पुढे येतो.

सगळीच कामं वाईट नव्हती. ‘दारू’ या अक्षरात पाणी आणि मद्याचा घडा असतो, दहा रेघा. नव्या रूपात पाणी राहिलं आणि घड्याच्या जागी ‘नऊ’ हा आकडा आला, एकूण पाच रेघा. दारू आणि नऊ यांचा उच्चार चिनीत एकच, सूरही तोच. अर्थ सांगणारा भाग डावीकडे, उच्चार सांगणारा उजवीकडे, ही चिनी अक्षराची जुनी घडण तशीच राहिली. समितीत कुणाला तरी अक्षर कळत होतं, असं हे रूप बघून वाटतं. मग शेजारचा उलटा ‘ई’ बघितला की ते मत डळमळतं.

चौकटीचं गणित

चिनी मुलं अक्षरं गिरवतात ती चौकटींच्या वहीत. प्रत्येक अक्षराला एक चौरस, आणि तो सगळ्यांना सारखाच. एका रेघेचा ‘एक’ त्याच चौरसात बसतो आणि 20 रेघांचं अक्षरही त्यातच. लॅटिन लिपीत ‘एम’ला ‘आय’पेक्षा जास्त रुंदी मिळते, देवनागरीत जोडाक्षर खाली-बाजूला पसरू शकतं. चिनीत ही मुभा नाही. रेघा वाढल्या की चौरस दाटतो, कमी झाल्या की ओका पडतो.

दाटीचा तोटा उघड आहे. अक्षर लहान छापलं, लांबून पाहिलं किंवा उजेड मंद असला की रेघा एकमेकींत मिसळतात. जास्त रेघांचं अक्षर ओळखायला ते आकाराने मोठं असावं लागतं, हे दृष्टीच्या प्रयोगांत मोजून झालेलं आहे. ‘पुस्तक’ या अक्षराचं जुनं रूप बघा. त्यात एकावर एक आठ आडव्या रेघा येतात. सुरुवातीच्या संगणकांवर आणि प्रिंटरांवर एक अक्षर 16 गुणिले 16 ठिपक्यांत बसवत. एक ओळ रेघेची, एक मोकळी, या हिशेबाने 16 ठिपक्यांत जास्तीत जास्त आठ आडव्या रेघा मावतात. म्हणजे जुनं ‘पुस्तक’ जेमतेम बसणार, श्वास घ्यायला जागा नाही. 1956 च्या योजनेतलं चार रेघांचं ‘पुस्तक’ तिथे ऐसपैस राहतं. सुलभीकरण डोळ्यांच्या हिताचं होतं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे बिनतोड आहे.

पण रेघा कमी करत गेलं की दुसरा त्रास सुरू होतो, आणि तो दाटीइतका चटकन दिसत नाही. सरावलेला वाचक रेघा मोजत नाही. तो अक्षराचा एकंदर घाट ओळखतो. कुठे वजन आहे, कुठे पोकळी, डोक्यावर छप्पर आहे की पाऊस, डावीकडे पाणी आहे की माणूस. चिनी वाचताना डोळा जिथे टेकतो तिथून डावीकडचं एक आणि उजवीकडची दोन-तीन अक्षरं त्याला उपयोगी पडतात, असं डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत दिसलं आहे. उजवीकडची ती अक्षरं अंधूकच दिसत असतात, आणि अंधुकात बारकावे जातात, घाट राहतो. दोन अक्षरांचा घाट एक असेल आणि फरक एका टोकाच्या रेघेपुरता असेल, तर डोळ्याला मागे यावं लागतं.

हे पहिल्या योजनेतही थोडंफार घडलं होतं. ‘कारखाना’ आणि ‘विस्तीर्ण’ ही दोन अक्षरं जुन्या रूपात 14-15 रेघांची, एकमेकांपासून स्पष्ट वेगळी. सोपी झाल्यावर कारखान्याला दोन रेघा उरल्या, विस्तीर्णला तीन, आणि दोघांत अंतर माथ्यावरच्या एका ठिपक्याचं. शाळेतल्या पोरांचा ‘मूल’ आणि ‘किती’ यांच्यातला घोळही तिथूनच आला. पण अशा जोड्या मोजक्या होत्या, आणि ही अक्षरं इतकी वारंवार येतात की सवयीने प्रश्न मिटला.

दुसऱ्या योजनेत अपवादाचा नियम झाला. ‘रस्ता’चा उरलेला उजवा खांब म्हणजे दोन आडव्या रेघा आणि खालून वळलेली एक उभी. चिनीत ‘मध्ये, येथे’ अशा अर्थाचं एक अतिशय रुळलेलं अक्षर आहे, तेही दोन आडव्या आणि एक उभी असंच. फरक एवढाच की एकाची उभी रेघ पहिल्या आडवीपासून सुरू होते, दुसऱ्याची दुसरीपासून. छपराखालचा ‘माणूस’ म्हणजे दोन पाय, वर जुळलेले. छपराखाली तेच दोन पाय न जुळता फाकलेले ठेवले तर ‘गुहा’ हे जुनं अक्षर. घर की गुहा, हे दोन तिरक्या रेघांमधल्या केसाएवढ्या फटीवर ठरणार होतं. डुक्कर होतं तेव्हा हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. जुन्या वळणाचा ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा दिसे. ‘खाना’ वाचायचं की ‘रवाना’ हे वाक्य बघून ठरवावं लागे. तोड काय निघाली? खालून एक जोड वाढवला. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेघेत फट असते तीही ‘घ’ आणि ‘म’ यांच्यापासून त्यांना वेगळं काढायला. इथे हाताला थोडा जास्त त्रास दिला गेला, डोळ्यासाठी. चीनमध्ये 1977 ला बरोबर उलटा व्यवहार झाला.

आडवी रेघच का

आता छपाईचा मुद्दा. चर्चेत तो मागे पडतो, पण मला तो सगळ्यात बोलका वाटतो.

चिनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं ज्या वळणात छापली जातात त्याला चीनमध्ये (एका जुन्या राजघराण्याच्या नावावरून) सोंग वळण म्हणतात. त्याची खूण अशी, की उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला एक छोटा त्रिकोण. हे वळण लाकडी ठोकळ्यावर कोरताना घडलं. लाकडाचे तंतू आडवे जात; आडवी रेघ तंतूंच्या दिशेने असल्यामुळे बारीक कोरली तरी टिके, उभी रेघ तंतू कापत जाई म्हणून जाड ठेवावी लागे. शिवाय चिनी अक्षरांत आडव्या रेघा उभ्यांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे आडव्या बारीक ठेवल्या की दाट अक्षरालाही जागा पुरते. शेकडो वर्षं हे वळण टिकलं ते या दुहेरी सोयीमुळे.

आता दुसऱ्या योजनेतली रूपं या वळणात बसवून बघा. प्रेत आणि झान यांच्यातला फरक आडव्या रेघेचा. रस्ता आणि ‘मध्ये’ यांच्यातला फरक दोन आडव्या रेघांमधल्या उभ्या कणभर तुकड्याचा. योजनेत ‘अंडं’ या 11 रेघांच्या अक्षराऐवजी ‘पहाट’ हे पाच रेघांचं अक्षर वापरायचं होतं, दोन्हींचा उच्चार ‘दान’ म्हणून. पहाट म्हणजे सूर्य आणि त्याखाली क्षितिजाची रेघ. फार सुंदर अक्षर आहे. पण ‘शिवाय, आणि’ अशा अर्थाचं एक अक्षर जवळजवळ तसंच दिसतं. तेही पाच रेघांचं, उभा चौकोन, आत आडव्या रेघा, तळाला लांब आडवी. एकात सूर्य आणि क्षितिज यांच्यात फट आहे, दुसऱ्यात चौकोनाचे पाय थेट तळरेघेवर टेकलेले. इतकाच भेद.

म्हणजे ओळखीचा सगळा भार त्या वळणातल्या सर्वांत बारीक रेघेवर पडला. दाट अक्षरात एखादी आडवी रेघ शाईत बुडाली किंवा ठशात उमटलीच नाही, तरी बाकीच्या 15 रेघा साक्षीला असतात. चार रेघांच्या अक्षरात साक्षीदारच नसतात. आणि हे सगळं होत होतं शिशाच्या खिळ्यांनी, नऊ-दहा पॉइंटाच्या आसपासच्या मजकुरात, वर्तमानपत्राच्या कागदावर, जिथे शाई थोडी तरी पसरणारच. समितीने रेघा मोजल्या. कुठली रेघ कुठल्या कागदावर टिकते, याचा हिशेब केल्याची खूण त्या तक्त्यांत दिसत नाही.

टोपलीवरची पाटी

समितीची बाजू मांडायलाच हवी. त्यांचं म्हणणं होतं की यातली पुष्कळ रूपं लोक आधीच वापरतात, आम्ही फक्त ती उचलली. हे बऱ्याच अंशी खरं होतं. उपाहारगृहाच्या दारावर पाच रेघांचं ‘जेवण’ रंगवलेलं असे. अंडीवाला पाटीवर ‘कोंबडीची पहाट’ लिही. गाड्या थांबवायच्या जागी ‘थांबा’ हे 11 रेघांचं अक्षर चार रेघांत उरकलेलं असे. तरी यातल्या कुणाचा गोंधळ झाल्याचं ऐकिवात नाही.

का झाला नाही? कारण पाटी टोपलीवर लावलेली असते. टोपलीत अंडी असतात. वाचणाऱ्याला उत्तर आधीच दिसत असतं, अक्षर फक्त मान हलवतं. वाण्याच्या वहीत, कारखान्याच्या पावतीत, डॉक्टरच्या चिठ्ठीत हीच स्थिती. काय लिहिलेलं असणार याचा आवाका इतका लहान, की चार रेघांचा इशारा पुरे होतो. शिवाय अशी रूपं धंद्यापुरती आणि गावापुरती चालतात. खानावळवाल्याचं रूप खानावळीत, लोहाराचं लोहारांत. एका प्रांतात सगळ्यांना ठाऊक असलेलं रूप दुसऱ्या प्रांतात कुणी पाहिलेलंही नसतं.

आपली मोडी आठवा. हात न उचलता झरझर लिहिता यावं म्हणून ती वळवलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिने सोडला, शब्दांमधली मोकळी जागाही सोडली. दप्तरातल्या कारकुनाला अडचण येत नसे, कारण गाव, पाटील, सारा, तारीख हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच असे. आज तोच कागद संशोधक हातात घेतो तेव्हा एका ओळीसाठी दुपार जाते. पोथ्या-ग्रंथांना आणि पुढे छपाईला मुख्यतः बाळबोधच लागली, ती याच कारणाने. लिहिणारा आणि वाचणारा एकाच खोलीत नसतील तेव्हा अक्षराला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

समितीने पाटीवरचं अक्षर उचलून वर्तमानपत्रात ठेवलं. खाली टोपली नव्हती. चिनीत 1 जानेवारीला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘पहिली पहाट’, आणि त्यातली पहाट म्हणजे तेच पाच रेघांचं अक्षर. बाजारातल्या पाटीवर ते अंडं आहे आणि दिनदर्शिकेवर पहाट, हे चालून जातं. दोन्ही एकाच पानावर, एकाच मापात येऊ लागले की वाचकाला प्रत्येक वेळी थांबून निवड करावी लागते. अशा थांब्यांची बेरीज कुणी करत नाही. वाचणारा फक्त म्हणतो, ‘वाचवत नाही.’

माघार

विरोध करायला जुन्या वळणाचे पंडित पुढे आले असते तर त्यात नवल नव्हतं. इथे उलटं झालं. मार्च 1978 मध्ये राष्ट्रीय लोकसभा आणि राजकीय सल्लागार परिषद यांची अधिवेशनं भरली, तेव्हा 23 जणांनी एकत्र सही करून लेखी मागणी केली की महत्त्वाच्या दस्तऐवजांत ही नवी अक्षरं वापरू नयेत. सह्या करणाऱ्यांत हू यूझी, वांग ली आणि झोउ योउगुआंग होते. हू यूझी हे पत्रकार आणि प्रकाशक, वांग ली हे भाषाशास्त्रातलं मोठं नाव. झोउ योउगुआंग हे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पिनयिन पद्धत घडवणाऱ्यांपैकी अग्रणी. ही माणसं लिपी-सुधारणेच्या चळवळीतलीच होती, आयुष्यभर सुलभीकरणाच्या बाजूने उभी राहिलेली. त्यांनी हात वर करून ‘पुरे’ म्हटल्यावर समितीपाशी उत्तर उरलं नाही.

त्याच वर्षी शाळेच्या पुस्तकांतून ही अक्षरं काढण्याचा आदेश निघाला आणि उन्हाळ्यात ‘पीपल्स डेली’नेही ती थांबवली. म्हणजे छापील मजकुरात त्यांचं आयुष्य जेमतेम सहा-सात महिन्यांचं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण योजना थांबवली गेली पण रद्द झाली नाही. तिची दुरुस्ती करायची म्हणून पुन्हा बैठका बसल्या. 1981 मध्ये 853 वरून 111 अक्षरांवर उतरलेला नवा मसुदा तयार झाला, तोही अंमलात आला नाही. ही मधली वर्षं सगळ्यात त्रासाची गेली असणार. कुणी म्हणे जुनं बरोबर, कुणी म्हणे नवं अजून रद्द कुठे झालंय. ज्या मुलांनी त्या काळात अक्षरं गिरवली त्यांच्या हातात नवी रूपं बसली होती, आणि पुस्तकात जुनी. आडनावांतही घोळ झाला. श्याओ आडनावाचं अक्षर योजनेने एका वेगळ्या, सुटसुटीत अक्षरात बदललं होतं, आणि पुष्कळ कुटुंबांच्या कागदपत्रांवर ते तसंच राहून गेलं. एकाच उच्चाराची, एकाच मुळाची दोन आडनावं आज चीनमध्ये दिसतात त्यामागे बऱ्याच ठिकाणी ही योजना आहे.

दरम्यान यंत्राने आपला निर्णय देऊन टाकला. संगणकात चिनी अक्षरं साठवण्याचं राष्ट्रीय मानक 1980 मध्ये ठरलं आणि 1981 पासून लागू झालं. त्यात 6763 अक्षरं होती. दुसऱ्या योजनेने मुद्दाम घडवलेले, आधी दुसरा कुठलाच अर्थ नसलेले आकार त्या यादीत आले नाहीत. पुढे छपाई संगणकावर गेली तेव्हा प्रेताच्या झेंड्याखाली रेघ मारायला कळच नव्हती. गंमत अशी, की रेघा कमी करण्याच्या बाजूचं एक मोठं कारण याच यंत्राने कमकुवत केलं. अक्षर हाताने लिहायचंच नसेल तर 16 रेघा काय आणि पाच काय. बोटाला सारखेच कष्ट. वाचणाऱ्या डोळ्याचे कष्ट मात्र तेवढेच राहिले.

24 जून 1986 ला राज्य परिषदेने योजना अधिकृतपणे मागे घेतली. समाजात अक्षरांचा गोंधळ माजला आहे, यापुढे सुलभीकरणात सावधपणा ठेवावा आणि अक्षरांचे आकार काही काळ स्थिर राहू द्यावेत, अशी भूमिका तेव्हा घेतली गेली. हू यूझी त्याच वर्षी जानेवारीत वारले होते आणि वांग ली मे महिन्यात. दोघांनाही हा दिवस दिसला नाही. झोउ योउगुआंग मात्र 111 वर्षं जगले, 2017 पर्यंत.

ऑक्टोबर 1986 मध्ये पहिल्या योजनेची यादी किरकोळ दुरुस्त्या करून पुन्हा छापली गेली, 2235 अक्षरांची. या दुरुस्त्या लहान पण बोलक्या होत्या. पूर्वी ‘सारखा, प्रतिमा’ हे अक्षर ‘हत्ती’ या अक्षरात विलीन केलं होतं. ते आता पुन्हा वेगळं केलं, हत्तीच्या डावीकडे माणूस उभा करून. दोन रेघा वाढल्या. वाढलेल्या रेघांबद्दल कुणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून चीन या बाबतीत हळवा झालेला आहे. 2009 मध्ये प्रमाण अक्षरांच्या नव्या यादीचा मसुदा आला, त्यात 44 अक्षरांच्या छापील आकारात बारीक बदल सुचवले होते. कुठे उभ्या रेघेच्या टोकाची वळलेली आकडी काढून टाकायची, कुठे आडवी रेघ जराशी वर उचलायची, असे. रेघांची संख्या कमी होत नव्हती, अर्थ बदलत नव्हता. तरी इतका गदारोळ झाला, की 2013 मध्ये 8105 अक्षरांची अंतिम यादी निघाली तेव्हा ते बदल त्यात नव्हते.

हाताने रंगवलेल्या पाट्यांवर मात्र दुसरी योजना अजून जगते आहे. बाजारात खडूने लिहिलेली कोंबडीची पहाट दिसते, खानावळीच्या काचेवर अन्न नसलेलं जेवण दिसतं. गाड्या थांबवायच्या जागी भिंतीवर रंगवलेलं ते चार रेघांचं ‘थांबा’ही कुठे कुठे उरलं आहे. शब्दकोशात हे अक्षर शोधलं तर ते ‘लिंगदिंग’ या शब्दाचा दुसरा अर्धा भाग म्हणून सापडतं. लिंगदिंग म्हणजे एकाकी, निराधार. भिंतीवर तेवढंच लिहिलेलं असतं, आणि लोक त्याच्यासमोर गाडी लावून निघून जातात.